नानांची तीन मिनिटं

कविसंमेलनातला कवी कविता वाचायला उठतो, तेव्हा कविता लगेच येत नाही. आधी पाण्याचा घोट येतो. मग व्यासपीठावरच्या प्रत्येकाला हुद्द्यासकट नमस्कार होतो, माइकवर दोन टिचक्या बसतात, "मागे ऐकू येतंय ना?" असं विचारून होतं आणि मागच्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी उत्तराची वाट पाहिली जाते. त्यानंतर कवितेचा जन्म कुठल्या परिस्थितीत झाला ते सांगितलं जातं. पहिली ओळ दोनदा म्हटली जाते, कारण पहिल्यांदा ती कुणी ऐकलेली नसते हे कवीला अनुभवाने ठाऊक असतं. "आता शेवटचं कडवं" अशी घोषणा होते आणि पाठोपाठ तीन कडवी येतात. हा वाण महाराष्ट्रात तालुक्यागणिक सापडतो. डोंबिवली पूर्वेला इमारतीगणिक. आमच्या इमारतीत नाना आहेत.

नाना सरकारी लेखा खात्यातून निवृत्त झाले. नावावर चार काव्यसंग्रह. चारही स्वखर्चाने काढलेले आणि चारही अजून घरातच, त्यामुळे पलंगाखालचा केर काढता येत नाही ही काकूंची जुनी तक्रार. २०१७ साली नव्वदावं साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं, तेव्हा नाना स्वयंसेवक होते आणि परभणीचे दोन कवी त्यांच्या हॉलमध्ये मुक्कामाला होते. तिघांनी एकमेकांना पहाटेपर्यंत कविता ऐकवल्या. म्हणजे प्रत्येकाने आपल्या ऐकवल्या आणि दोघांच्या सहन केल्या.

या दुखण्याची लागण विद्यार्थिदशेतली. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या त्रयीचा कार्यक्रम नानांनी मैदानात सतरंजीवर बसून ऐकला होता. त्या तिघांनी गावोगाव फिरून महाराष्ट्राला कविता ऐकायची गोडी लावली, हे सगळेच सांगतात. त्या ऐकणाऱ्यांतल्या किती जणांना वाचायची लागली, याचा हिशेब मात्र कुणी मांडलेला नाही.

अशा या नानांना त्यांच्या भाचीने स्लॅमला नेलं. भाची अंधेरीला जाहिरातीच्या धंद्यात आहे. "मामा, तू ये ना एकदा. तुला कविता आवडतात." नानांना कविता आवडतात, हा घरच्यांचा जुना गैरसमज आहे. नानांना स्वतःच्या कविता आवडतात.

आधी तिने नियम समजावले. मी तेव्हा नानांकडे वर्तमानपत्र परत करायला गेलो होतो, तो तिथेच बसलो. शिकागोत बांधकामावर काम करणारा मार्क स्मिथ नावाचा एक कवी होता. प्राध्यापक मंडळी मान खाली घालून कागद वाचतात आणि ऐकणारे मान खाली घालून झोपतात, या प्रकाराला तो कंटाळला. एके काळी अल कपोनच्या टोळीची ऊठबस असलेल्या ग्रीन मिल नावाच्या बारमध्ये त्याने १९८६ साली रविवारच्या रात्री कवितांची झुंज सुरू केली. परीक्षक म्हणून समोर बसलेल्या गिऱ्हाइकांतलेच पाच जण उचलायचे. त्यांनी शून्य ते दहा गुण द्यायचे, तेही दशांशात, आणि पाट्या सगळ्यांसमोर वर करायच्या. आवडलं नाही तर लोकांनी तोंडावर तसं सांगायचं.

"परीक्षकांना कवितेतलं काही कळायला हवं की नाही?" नानांनी विचारलं.

"नाही मामा. मुद्दाम नाही."

"मग आपल्याकडे वेगळं काय असतं?"

बांधकामावरचा माणूस म्हटल्यावर मात्र नाना थोडे विरघळले. "म्हणजे आपले सुर्वे," ते म्हणाले. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, आणि कविता वाचायला उभे राहिले की कामगारांचं मैदान गप्प व्हायचं. मग नाना कलगीतुऱ्यावर गेले. कलगीवाले शक्तीचे, तुरेवाले शिवाचे. एका फडाने कवनातून कोडं घालायचं, दुसऱ्याने कवनातच ते सोडवायचं, आणि लोकांनी रात्रभर बसून कोण भारी ते ठरवायचं. "हे झालं तुमचं स्लॅम. शिकागो वसायच्या आधीचं." कुठलीही नवी गोष्ट आपल्याकडे आधीच होती हे सिद्ध झाल्याशिवाय नाना तिला हात लावत नाहीत. यूपीआय घेण्यापूर्वी त्यांनी हुंडीचा इतिहास वाचून काढला होता.

यात नानांचं फारसं चुकत नव्हतं. फरक एवढाच, की फडावर रात्र सरायची आणि इथे तीन मिनिटांत सगळं आटपायचं. तीन मिनिटांवर दहा सेकंदांची सवलत. त्यापुढे दर दहा सेकंदांना अर्धा गुण कापतात, आणि दहा सेकंदांचा तुकडा अपुरा असला तरी तो पुरा धरतात. पाच परीक्षकांच्या गुणांतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा काढून टाकायचा, उरलेल्या तिघांची बेरीज करायची. जास्तीत जास्त तीस.

नानांचे डोळे इथे पहिल्यांदा चमकले. "वरचा-खालचा काढायचा? म्हणजे परीक्षकाच्या मेहुण्याचा प्रश्नच मिटला." आयुष्यभर ज्यांनी इतरांच्या बेरजा तपासल्या, त्यांना कवितेला दशांश चिन्ह लागलेलं पाहून घरी आल्यासारखं वाटलं असावं.

खारच्या त्या कॅफेत सोबत म्हणून मीही गेलो. दारातच नाव नोंदवायचे पैसे मागितले. "कविता छापायला पैसे पडतात हे माहीत होतं," नाना पुटपुटले, "वाचायलाही?" पुढची अडचण झब्ब्याची झाली. स्लॅममध्ये वेशभूषा चालत नाही, वाद्य चालत नाही, हातात कुठली वस्तू घेऊन तिचा वापर करता येत नाही. सूत्रसंचालक पोरगा नानांचा खादीचा झब्बा आणि खांद्यावरची शबनम बॅग बराच वेळ न्याहाळत होता. शेवटी अदबीने म्हणाला, "अंकल, हे कॅरेक्टरसाठी आहे का?" नानांनी चाळीस वर्षं हेच कॅरेक्टर वागवलं होतं. तडजोड अशी झाली, की झब्बा राहील आणि शबनम माझ्याकडे. शबनम काढल्यावर नाना एका बाजूला किंचित कलले. सवयीने खांदा वर राहिला होता.

स्पर्धा सुरू व्हायच्या आधी परीक्षकांचा हात बसावा म्हणून एक कवी फुकट खर्ची घालतात. त्याचे गुण मोजत नाहीत. त्याला ते उघडउघड बळीचा कवी म्हणतात. आपल्याकडे या जागेवर स्वागताध्यक्षांचे चिरंजीव वाचतात, त्यामुळे ती प्रथा मला परकी वाटली नाही. मग एकेक मुलं आली. खरं सांगायचं तर पहिल्या चौघांचा मला एकच माणूस वाटला. वाक्याच्या मध्येच अनपेक्षित ठिकाणी थांबायचं, मग एका दमात चाळीस शब्द सोडायचे, उजवा हात छातीवरून समोर न्यायचा, आणि शेवटची ओळ कुजबुजून माइकपासून एक पाऊल मागे जायचं. हा सूर त्यांना कुणी शिकवलेला नसतो. एकमेकांचे व्हिडिओ पाहून तो लागतो, जसा पूर्वी आकाशवाणी ऐकून लागायचा. पण पाचवी एक मुलगी आली. शिंप्याकडे माप देताना टेप कुठे किती वेळ रेंगाळली, एवढंच तिने सांगितलं. हातवारे नाहीत, कुजबुज नाही. माझ्या हातातला कप तसाच राहिला. नाना मान खाली घालून बसले होते, आणि ते झोपले नव्हते.

ती बोलत असताना समोरची मुलं चुटक्या वाजवत होती. टाळ्यांनी कवीचा आवाज बुडतो म्हणून तिथे चुटक्या वाजवतात. नानांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ते माझ्या कानाशी लागले, "इतकी चांगली कविता आणि हे लोक जांभया देताहेत?" आमच्या पिढीत चुटकी जांभईलाच वाजवतात.

मग नानांचं नाव पुकारलं. नाना उठले आणि रीतसर सुरुवात केली. पाणी, नमस्कार, टिचक्या. घड्याळ तेव्हाच सुरू झालं होतं. "आता जी कविता सादर करणार आहे तिच्या जन्माची एक कथा आहे," नाना म्हणाले आणि रॉकेलच्या रांगेत शिरले. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. हातात पाच लिटरचा डबा, रांगेत नंबर त्रेचाळिसावा. पाऊस सुरू झाला, पण रांग कुणी सोडेना. एका बाईने डबा उलटा करून डोक्यावर धरला, मग सगळ्यांनी धरले, आणि त्या पत्र्यांवर असा काही ताशा वाजायला लागला, की दुकानदार आतून "संपलं, संपलं" ओरडतोय ते कुणाला ऐकूच येईना. ज्यांना ऐकू आलं त्यांचा विश्वास बसेना. रांग तशीच अर्धा तास. "घरी आलो. ही म्हणाली, किती मिळालं? म्हटलं, पाच लिटर. पाऊस."

कॅफेभर चुटक्या झाल्या. नाना गांगरले. इतक्या जांभया त्यांनी कविकट्ट्यावरही पाहिल्या नव्हत्या. घाईने ते म्हणाले, "तर त्या वेळी सुचलेली ही कविता," आणि आवाज खाली नेऊन सुरू झाले: मेघा, येई तू धावुनी, तृषार्त धरा ही पाहुनी.

लोक हसले. वाईट हसले नाहीत, मनापासून हसले. एकाने शिट्टीही वाजवली.

पाट्या वर झाल्या: ७.१, ६.८, ८.२, ५.४, ७.५. वरचा-खालचा काढून २१.४. वेळ चार मिनिटं पाच सेकंद, वजावट तीन गुण. उरले १८.४. नंतर एक परीक्षक मुलगी मुद्दाम भेटायला आली. "अंकल, रॉकेलवाली पोएम काय भारी होती! आणि एंडला ते जुन्या टाइपचं मराठी टाकलं ना, सो फनी!"

परतीच्या प्रवासात दादरपासून नाना काही बोलले नाहीत. कुर्ल्याला म्हणाले, "प्रास्ताविकाला कविता समजले." घाटकोपरला म्हणाले, "कवितेला हसले." ठाण्याला गाडी रिकामी झाली तेव्हा मुख्य दुखणं बाहेर आलं. "वजावट नसती तर चौथा नंबर होता."

मी तोंडदेखलं काहीतरी समजुतीचं बोललो, पण मनात त्या मुलीच्या बाजूचा होतो. नाना प्रास्ताविक करतात तेव्हा ते नाना असतात. त्यांच्या बोलण्यात रांग असते, डबा असतो, काकू असतात. कविता सुरू झाली, की आवाज तळघरात जातो, क्रियापदांना 'ऊन' सोडून 'उनी' लागतं आणि नानांच्या जागी कुणीतरी धोतर-उपरणं नेसलेला गृहस्थ येऊन उभा राहतो, ज्याला रॉकेल ठाऊक नाही. हे एकट्या नानांचं नाही. मी ऐकलेल्या कित्येक कविसंमेलनांत जिवंत मजकूर प्रास्ताविकात सांडून गेलेला असतो आणि कविता म्हणून उरलेलं वाढतात. चहा फिरवणाऱ्या पोरांनाही हे कळतं. ती ट्रे घेऊन प्रास्ताविक संपायची वाट बघत दारात उभी असतात.

नाना आठवडाभर फुरंगटून होते. मग एका सकाळी त्यांनी पलंगाखालचे गठ्ठे ओढले. संग्रह बाजूला ठेवले आणि त्याखालच्या जुन्या डायऱ्या काढल्या. कविसंमेलनात काय बोलायचं त्याचे मुद्दे ते आधी लिहून ठेवत, खात्याच्या शिस्तीने, तारखेसह. चाळीस वर्षांची प्रास्ताविकं तिथे पडून होती. काकूंना पलंगाखाली पहिल्यांदाच झाडू फिरवता आला.

मग शिकवणी सुरू झाली. भाची शनिवारी यायची. पाठ करायचं, कागद नाही. माइक तोंडापासून मुठीच्या अंतरावर. "मामा, हात मागे बांधू नकोस, झेंडावंदन नाहीये." नानांच्या हातांचा प्रश्न बिकट होता. चार दशकं त्यांत वही होती. वही गेल्यावर हात आधी पाठीमागे गेले, मग खिशात, मग एक वर उचलला गेला आणि तिथेच राहिला, बस थांबवल्यासारखा. त्या मुलांचा तो सूरही नानांनी उचलून पाहिला. दोन दिवस घरात दुसरा आवाज नव्हता. सकाळी दूधवाल्याला म्हणाले, "एक..." आणि थांबले. दूधवाला माप हातात धरून उभा. "लिटर," नाना कुजबुजले आणि एक पाऊल मागे गेले. दूधवाल्याने काकूंना हाक मारून साहेबांची तब्येत विचारली.

वेळेचा सराव गाडीत. धिम्या लोकलने डोंबिवली सोडली की कोपरला गाडी थांबेपर्यंत कविता संपली पाहिजे, असा दंडक होता. सोबतच्या निवृत्तांना श्रोते नेमलं होतं. गाडी दिव्याच्या बाहेर सिग्नलला अडकली, की नानांना एखादं जास्तीचं कडवं सुचे. मग भाची फोनवर ओरडे आणि ते कापलं जाई. या माणसाने आयुष्यात स्वतःची एक ओळ कापली नव्हती. संपादकांनी कापली असती, पण त्यासाठी आधी छापायला हवी होती.

सगळ्यात अवघड गेला तो वेदनेचा धडा. भाचीने बजावलं होतं, की स्लॅमला तुझं स्वतःचं काहीतरी लागतं. आतलं. दुखलेलं. नानांनी शोध घेतला आणि हवालदिल झाले. लहानपण बरं गेलेलं, वडील प्रेमळ, पदोन्नत्या वेळेवर, भविष्यनिर्वाह निधी व्याजासह हातात. शेवटी त्यांनी काकूंना विचारलं, "माझ्यावर कधी अन्याय झालाय का गं?"

काकू भाजी निवडत होत्या. "तुमच्यावर? माझे लिहून घ्या, हवे तर."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. नाना खरोखरच वही घेऊन बसले. पहिल्या गौरीला काय झालं, धाकट्याच्या बारशाला कोण काय बोललं, परभणीचे दोन कवी नेमके कोणत्या दिवशी आले आणि त्या दिवशी घरात पाणी किती होतं. तीन मिनिटांचा नियम काकूंना लागू नव्हता. शेवटी भाची भारावून म्हणाली, "मामी, तूच ये ना स्टेजवर!" काकूंनी मेथीची जुडी झटकली. "ज्याला ऐकवायचं होतं त्याला ऐकवून झालं."

नानांना त्यांची वेदना अखेर सापडली, आणि ती अर्थातच कवितेशी संबंधित होती. कुठल्याशा संमेलनात त्यांना कविकट्ट्यावर मध्यरात्रीनंतर वाचायला मिळालं होतं. कुठलं संमेलन ते नाना सांगत नाहीत, मीही सांगणार नाही. तो प्रसंग ते प्रत्येक कविसंमेलनात प्रास्ताविकाचं प्रास्ताविक म्हणून सांगत आले होते. या वेळी त्यांनी त्याच्यापुढे कविता जोडली नाही.

दुसऱ्या खेपेला खारला नाना उभे राहिले ते पाणी न पिता, नमस्कार न करता. मला ते जरा उघडेबोडके वाटले. मग बोलायला लागले.

माझं नाव पुकारलं तेव्हा पाऊण वाजला होता.
समोर बत्तीस माणसं. बत्तीसही कवी.
प्रत्येकाच्या मांडीवर वही, वहीत बोट,
आणि बोटाला घाई.
मी सह्याद्रीवर वाचत होतो.
सह्याद्री ऐकत होता का, माहीत नाही.
सतरंज्या गोळा करणारा ऐकत होता,
कारण शेवटच्या सतरंजीवर मी उभा होतो.

पुढे ते सतरंजीवाल्याशी झालेल्या संवादावर गेले. तो म्हणाला, साहेब, पुरी करा, मी थांबतो. मग नानांनी त्या एका माणसाला सगळी कविता ऐकवली, त्यानेही शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, यातला सह्याद्री म्हणजे कोण? कॅफे हसत होता, पण मधूनच हसू थांबत होतं, आणि ते कुठे थांबतंय हे नानांना कळत होतं, कारण ते तिथे थांबत होते. चुटक्या कशाच्या असतात, हे आता त्यांना माहीत होतं. दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. पाट्या: ८.९, ९.१, ९.३, ९.०, ८.२. बेरीज २७.०. नानांनी ती सूत्रसंचालकाच्या आधी करून ठेवली होती.

नंबर तिसरा आला. बक्षीस म्हणजे हेझलनट कोल्ड कॉफीचं कूपन, ते नानांच्या मधुमेहामुळे मला मिळालं. पण नानांना चढली होती ती नंबराची नशा नव्हती. परत येताना ते ८.२ देणाऱ्या मुलाबद्दल बोलत होते. "त्याने ८.२ का दिले असतील? मला पटतं हं. मधे थोडं लांबलं होतं." चाळीस वर्षं त्यांना "वा, छान" मिळालं होतं. चहाबरोबर मिळतं ते, सरसकट. कुणीतरी पहिल्यांदाच दशांशापर्यंत विचार केला होता.

त्यानंतरचे काही महिने इमारतीला जड गेले. नाना दिसेल त्याला गुण देऊ लागले. गणपतीच्या आरतीला ६.९, कारण सुखकर्ता झाल्यावर सगळे ढेपाळतात. सोसायटीच्या वार्षिक सभेतल्या सचिवांच्या भाषणाला ३.३, वजावट वेगळी. घरी आमटीला ७.४ दिले आणि जेवण उशिरा वाढलं म्हणून अर्धा गुण कापला. काकूंनी पळी खाली ठेवली. "पाच परीक्षक लागतात. वरचा आणि खालचा काढायचा असतो. एकट्याने दिलेला गुण बाद. नियम वाचा." नानांनी खरोखर नियम वाचले आणि माघार घेतली. आमटीचा प्रश्न प्रलंबित आहे.

कोजागरीला गच्चीवर मसाला दूध आणि कविसंमेलन ही आमची जुनी प्रथा. या वर्षी नानांनी सांस्कृतिक समितीकडून ते स्लॅम म्हणून मंजूर करून घेतलं. समितीने नियम न वाचता सही केली. परीक्षक जमावातून काढले: वॉचमन, इस्त्रीवाला, तिसऱ्या मजल्यावरच्या पटेलबेन, दूध आटवायला बोलावलेला आचारी आणि सहावीतली एक मुलगी. पाट्या म्हणून तिच्या दप्तरातली वही फाडली. वेळ नाना मोबाइलवर लावणार. अध्यक्ष म्हणून ठाण्याहून एक ज्येष्ठ कवी आले होते. बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले. त्यांना स्पर्धेबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि नानांच्या मते सांगायची गरजही नव्हती, कारण नियम सर्वांना सारखे.

इमारतीतल्या कवींचं बरं गेलं. भीतीने सगळे तीन मिनिटांत आटपले आणि दूध आटायच्या आत कार्यक्रम निम्मा झाला. मग अध्यक्ष उठले. पाणी, नमस्कार, टिचक्या. त्यांना पुष्पगुच्छ दिला गेला, तो त्यांनी स्वीकारला, कुणाकडे द्यावा ते न कळून परत घेतला, मग चंद्राकडे हात करून कवितेचा जन्म सांगितला. पहिली ओळ दोनदा झाली. शेवटचं कडवं चारदा आलं. ते बसले तेव्हा नानांच्या मोबाइलवर बरोबर अकरा मिनिटं झाली होती.

पाट्या वर झाल्या. वॉचमन ९.५, "साहब इतने दूर से आए हैं." इस्त्रीवाला ८.६, पटेलबेन ८.४, आचारी ८.१. सहावीतल्या मुलीने ३.० दिले, कारण ते तिच्याकडे बोट करून उद्याची पिढी म्हणाले होते. वरचा-खालचा काढून २५.१.

"वजावट," नाना उठून म्हणाले, "अकरा मिनिटं वजा तीन मिनिटं दहा सेकंद, म्हणजे चारशे सत्तर सेकंद. दहा सेकंदांचे सत्तेचाळीस हप्ते. अर्ध्या गुणाने साडेतेवीस. अंतिम गुण १.६."

गच्चीवर कुणी हललं नाही. आचाऱ्याने तेवढी कढईखालची आच कमी केली. सचिव घाम पुसत पुढे झाले, पण अध्यक्षांनी त्यांना हाताने थांबवलं. "हिशेबाचा कागद दाखवा," ते म्हणाले.

नानांनी कागद दिला. अध्यक्षांनी चष्मा बदलला. दोघं दुधाच्या कढईशेजारी सतरंजीवर बसले आणि ओळीने तपासू लागले. बेरजेवर बरोबरची खूण झाली, गुणाकारावर झाली. मग अध्यक्षांची पेन्सिल थांबली. "गुच्छाचा वेळ कवीच्या खात्यात कसा धरला? तो आयोजकांचा खर्च आहे."

नाना विचारात पडले. गुच्छाला किती वेळ गेला ते इस्त्रीवाल्याला विचारलं, पटेलबेनना विचारलं. मुलीने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मागवून पाहिला गेला. चाळीस सेकंद निघाले. चार हप्ते कमी, दोन गुण परत. नानांनी १.६ वर काट मारून ३.६ लिहिलं आणि शेजारी आद्याक्षरं केली. अध्यक्षांनीही केली.

दूध प्याले, मानधनाचं पाकीट न उघडता खिशात घातलं, आणि जिना उतरताना नानांना म्हणाले, "पुढच्या वर्षी गुच्छ शेवटी द्या."

"आणि कवितेचा जन्म?" नानांनी विचारलं.

"तो राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "कविता काढू आपण."